दिव्यांगत्वाचा दाखला: कुठे दाखवायचा आणि किती

दिव्यांगत्वाचा दाखला हातात आला की वर्षभरात त्याच्या किती झेरॉक्स निघतात, हे एकदा मोजून पाहा. ग्रामपंचायतीत एक, तहसीलला संजय गांधी योजनेच्या टेबलावर एक, एसटीच्या आगारात, बँकेत, मुलाच्या शाळेत, नोकरीच्या अर्जाला. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात राहते ती वेगळीच. दाखल्यावर नाव, फोटो, पत्ता, निदान, कोणता अवयव, किती टक्के असं सगळं असतं आणि पाठीला आधार टाचलेलं असतं. कोकणातल्या वाडीत अशी माहिती फुटायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. एकदा फुटली की लग्नाच्या बोलणीपासून पतसंस्थेच्या कर्जापर्यंत सगळीकडे पोचते.

हक्क मागायचा तर काहीतरी दाखवावंच लागतं, हे खरं. पण समोरच्याला बहुतेक वेळा तुमची अडचण कळणं पुरेसं असतं, आजार कळायची गरज नसते. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, यांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. भेदभावापासूनचं संरक्षण मात्र ४० टक्क्यांवर अडत नाही. ‘तुमचे ३५ टक्केच आहेत, तुम्हाला काही लागू नाही’ असं खिडकीवरचा माणूस बिनधास्त सांगतो, ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक मिळाला पाहिजे, असं स्पष्ट केलं.

कायद्यातला सगळ्यात कामाचा शब्द ‘वाजवी सोय’. म्हणजे समोरच्यावर बेताबाहेरचा भार न टाकता करता येण्यासारखा बदल: टेबल तळमजल्यावर आणणं, फॉर्म मोठ्या अक्षरात देणं, ड्युटीची वेळ डायलिसिसप्रमाणे सरकवणं. अशी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच लिहिलं आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांतला नियम ३ त्यापुढे जातो: सोयीचा खर्च, पूर्ण किंवा थोडाही, दिव्यांग व्यक्तीकडून घेता येत नाही. ‘रॅम्प करतो, अर्धे तुम्ही द्या’ हे बसत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचं कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता किंवा पद उतरवता येत नाही, ते संरक्षणही त्याच कलमात. खासगी कारखाना, हॉटेल, पतसंस्था, ट्रस्ट यांना नियम ३ आणि समान संधी धोरणाचं कलम २१ लागतं, पण दात थोडे बोथट आहेत. तिथे पत्र नीट लिहिणं जास्त महत्त्वाचं.

माहितीचं म्हणाल तर सध्या आपण दोन कायद्यांच्या मधल्या पुलावर आहोत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती संरक्षण मंडळाची तरतूद लगेच लागू झाली. संमती, सूचना, माहिती खोडण्याचा हक्क, दंड या बाकीच्या मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ए आणि २०११ चे नियम चालतात. गंमत अशी की दिव्यांगांसाठी जुने नियम एका बाबतीत उजवे आहेत. त्यांत शारीरिक-मानसिक स्थिती आणि वैद्यकीय कागद ही ‘संवेदनशील’ माहिती म्हणून वेगळी काढली आहे आणि ती गोळा करायला लेखी संमती लागते. नव्या कायद्यात असा वेगळा कप्पाच नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचं निदान एकाच पंगतीत बसतात. शिवाय ४३ए खाली नुकसानभरपाई मागता येते, नव्या कायद्यातला दंड सरकारजमा होतो.

जुन्या नियमांची मोठी उणीव ही की ते कंपन्या, फर्म, दुकानदार यांनाच लागतात. सरकारी कार्यालयं त्यात येत नाहीत. नवा कायदा सरकारलाही लागतो, सूट दिलेली खाती सोडून. आणि तो डिजिटल माहितीपुरता आहे. ग्रामसेवकाच्या कापडी बांधणीच्या रजिस्टरातली नोंद त्यात येत नाही. तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की येते.

दाखला काढतानाच घ्यायची काळजी

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सिव्हिलमध्ये किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात होते: रायगडकरांचं सिव्हिल अलिबागला, सिंधुदुर्गचं ओरोसला, रत्नागिरीचं शहरातच. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर दाखला द्यायची मुदत तीन महिने आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, रंग टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. तपासणीला न जाता अर्ज दोन वर्षं पडून राहिला तर तो बाद होतो आणि पुन्हा भरावा लागतो.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोबाइल नंबर. गावात रेंज नाही, म्हातारीकडे फोन नाही, म्हणून केंद्रवाला स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. मग पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे. कार्ड डाउनलोड करायचं असो की पत्ता बदलायचा असो, दर वेळी त्याच्या दारात जावं लागतं, आणि पोर्टलवरचं तुमचं खातं खऱ्या अर्थाने त्याचं होऊन बसतं. घरातल्या कुणाचा, अगदी मुंबईला असलेल्या मुलाचा नंबर दिलात तरी चालेल. तो फोनवर ओटीपी सांगेल. केंद्रवाल्याचा नको.

दुसरी चूक केंद्रातल्या संगणकावर होते. कागद व्हॉट्सॲपने त्याच्या नंबरवर पाठवले की ते त्याच्या गॅलरीत राहतात. पीडीएफ उतरवली की ‘डाउनलोड्स’मध्ये राहते, आणि तिथे आधीच्या चाळीस जणांचे दाखले दिसत असतील तर तुमचाही पुढच्या माणसाला दिसणार, हे समजून जा. पेन ड्राइव्ह न्या. काम झालं की खुर्चीवरून उठण्याआधी त्याच्यासमोर फाइल खोडायला लावा, आणि रिसायकल बिनसुद्धा रिकामा करायला सांगा, तो राहतोच. प्रिंट बिघडून दुसरी काढली असेल तर बिघडलेली मागून घ्या. भेळेचा कागद म्हणून ती परत भेटू नये.

कार्ड, दाखला आणि झेरॉक्स

कार्डावर दिव्यांगतेचा प्रकार आणि टक्केवारी असते. दाखल्यावर निदान असतं. म्हणून आधी कार्ड पुढे करा, आणि ‘दाखलाच पाहिजे’ म्हणाले तर कोणत्या नियमाखाली हे विचारा. दाखला देशभर चालतो. ‘आमच्या जिल्ह्याचा आणा’ ही मागणी चुकीची. दाखवणं आणि प्रत देणं यातही फरक आहे. एसटीच्या वाहकाला कार्ड दाखवायचं असतं, द्यायचं नसतं.

प्रत द्यावीच लागली तर निळ्या शाईने तिरप्या दोन रेघा मारून मधे लिहा: ‘फक्त ग्रामपंचायत ५ टक्के निधी अर्जासाठी, दि. …’ आणि खाली सही. मजकूर फोटोवरून जाऊ द्या पण नंबर झाकू नका, नाहीतर प्रत परत येते. काळ्या शाईने लिहिलं तर पुढच्या झेरॉक्सला ते छापील मजकुरात मिसळून जातं, म्हणून निळी. अशी प्रत दुसऱ्याच कामाला, म्हणजे सिमकार्डाला किंवा कर्जाला, लावायला गेलं की तोंडावर पडते.

आधार देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार उतरवून घ्या. आधार कायद्याच्या कलम २९(४) प्रमाणे कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे छापता, लावता, टाकता येत नाही. हे कलम पाठ करण्यासारखं आहे, कारण ते ग्रामपंचायतीलाही लागतं आणि आजही लागतं, मे २०२७ ची वाट पाहावी लागत नाही.

जाता जाता: काजूच्या कारखान्यात टरफल फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी काजूच्या तेलाने भाजते, आणि रेशनच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. बोटं तुटलेल्या खलाशाचंही तेच. ठसा लागला नाही म्हणून लाभ नाकारायचा नाही, असं केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं आहे. बुबुळ, चेहरा किंवा ओटीपीचा पर्याय मागा. तेही जमत नसेल तर नोंदवहीत लिहून लाभ द्यायचा असतो. ‘उद्या बोट धुवून या’ हे उत्तर नव्हे.

सोय मागणारं पत्र

तोंडी मागितलेल्या सोयीचा पुरावा राहत नाही. पत्र अर्ध्या पानाचं पुरे. नमुना असा:

‘मी आपल्या संस्थेत हिशेबाचं काम करते. मला जिना चढता येत नाही. जूनपासून माझं टेबल वरच्या मजल्यावर नेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २ व ३ प्रमाणे वाजवी सोय म्हणून माझी बसण्याची जागा तळमजल्यावर असावी आणि वरच्या मजल्यावरील फाइली खाली आणून देण्याची व्यवस्था व्हावी. निर्णय १५ दिवसांत लेखी कळवावा. मान्य नसल्यास नियम ३ प्रमाणे लेखी कारण द्यावं. सोबत यूडीआयडी कार्डाची प्रत, फक्त या अर्जासाठी. आणखी वैद्यकीय कागद लागत असल्यास कोणता आणि कशासाठी, हे लेखी कळवावं.’

या पत्रात पोलिओ की संधिवात की अपघात, हे कुठेच नाही. ‘जिना चढता येत नाही’ एवढंच आहे आणि निर्णय घ्यायला तेवढंच लागतं. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. कारण लिहून द्यावं लागलं की ‘तुमची सगळी फाइल आणा’ ही मागणी बऱ्याचदा आपोआप विरते. डॉक्टरचा कागद खरंच लागला तर निदानाचा नव्हे, कामाच्या मर्यादेचा मागा: ‘यांना सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहता येत नाही, ही स्थिती कायम आहे.’ बहुतेक डॉक्टर सवयीने निदान आधी लिहितात; लेटरहेड पुढे ओढण्याआधीच सांगून ठेवा.

स्वतःचे जुने कागद रुग्णालयाकडून हवे असतील तर लेखी मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यायचे असतात, आणि डॉक्टरने तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. तीन वर्षांनंतर गेलात तर हात हलवत परत यावं लागेल.

पत्राची पोच घ्या: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक. देत नसतील तर वाद घालू नका, सरळ पोस्टात जा. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिसळलं आहे. स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याची नोंद दोन्ही जपा.

यादी, ग्रुप आणि शिबिराचा फोटो

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लाभार्थ्यांची यादी होते, आणि ती नाव, आधार, खाते क्रमांक, मोबाइल, ‘प्रकार: मतिमंद’ अशा रकान्यांसकट गावच्या ग्रुपवर पडते. ग्रुपमध्ये दुबईला असलेले, बोरिवलीला असलेले सगळे. आठवडाभरात ‘तुमच्या पेन्शनचं केवायसी बाकी आहे’ असे फोन सुरू होतात.

यादी गुप्तच ठेवा असं मात्र म्हणता येणार नाही. सरकारी पैशाचा लाभ कुणाला मिळाला हे जाहीर करायला माहितीचा अधिकार कायदा सांगतो, आणि ते असलंच पाहिजे. नाहीतर निधी कुठे मुरतो ते कळायचं नाही. प्रश्न रकान्यांचा आहे. नाव, योजना, रक्कम, तारीख हे चार रकाने फलकावर चालतील. आधार, खाते, मोबाइल, निदान हे कार्यालयातल्या फाइलीत. ग्रामसेवकाला लेखी विनंती करताना नेमकं हेच मागा, आणि कलम २९(४) लिहा. यादी आधीच ग्रुपवर असेल तर स्क्रीनशॉट घ्या, ज्यात टाकणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव आणि वेळ दिसेल असा. घेतल्यावरच खोडायला सांगा. उलट क्रमाने केलंत तर हातात पुरावा राहत नाही. पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच १९३०, आधारसंबंधी तक्रार १९४७ वर.

साहित्य वाटपाच्या शिबिरात तीनचाकी घेताना फोटो काढतात. लाभार्थ्याच्या नोंदीसाठीचा फोटो वेगळा, मागे बॅनर आणि शेजारी पाहुणे असलेला फेसबुकसाठीचा वेगळा. दुसऱ्याला नाही म्हणता येतं आणि त्यामुळे सायकल अडत नाही. संमती मोकळी आणि विनाअट असली पाहिजे, ही माहिती संरक्षणाच्या नव्या कायद्याची अटच आहे. दिलेली संमती परत घेता येते, तीही दिली तितक्याच सहजपणे. संमतीचा मजकूर मराठीत मागता येईल, कारण आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेचा पर्याय द्यावा लागतो. शाळेच्या पालक ग्रुपवर ‘विशेष गरजा असलेली मुलं’ अशी यादी टाकणं हे तर कुठल्याच कारणाने लागत नाही. वर्गशिक्षिकेला बहुतेकदा माहीतच नसतं. एकदा सांगितलं की पुरतं.

कुणी माहितीच्या अधिकारात तुमचा दाखला मागितला तर? निवडणुकीच्या आधी असे अर्ज पडतातच. कलम ११ प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने तुम्हाला नोटीस द्यायची असते. ती मिळाल्यापासून १० दिवसांत लेखी हरकत द्या. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(जे) बदललं आहे आणि वैयक्तिक माहिती सरळ अपवादात आली आहे, जरी मोठ्या लोकहितासाठी ती देण्याची वाट ८(२) मध्ये शिल्लक असली तरी. बोगस दाखल्याच्या संशयावरून तुमच्याच कार्यालयाने पडताळणी मागितली तर नाही म्हणू नका. खोटा दाखला हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि खऱ्या दिव्यांगांचंच त्यात नुकसान. पण पडताळणी वैद्यकीय मंडळ करतं, स्टाफरूम नाही.

बँक आणि डोळे मिचकावणारं केवायसी

दृष्टिहीनांना चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सांगितलं आहे. तरी ‘जोडीला डोळस माणूस आणा’ चालूच असतं. नव्या ॲपमध्ये अडचण वेगळी: कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकवा. दृष्टिहीन किंवा ॲसिडहल्ल्यात पापण्या गेलेल्या माणसाने काय करायचं? ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० निर्देश दिले. मिचकवण्याशिवाय दुसरा पर्याय असलाच पाहिजे, अंगठा चालला पाहिजे, कागदी केवायसीची वाट खुली राहिली पाहिजे. शाखेत जाऊन या निकालाचं नाव आणि तारीख अर्जात लिहिलीत की साहेबांना वर विचारावं लागतं. तेवढंच हवं असतं.

केवायसी करताना मदतीला आलेल्या शेजाऱ्याच्या फोनवरून ॲप उघडू नका. मदत उच्चारून वाचण्यापुरती घ्या. पिन स्वतः दाबा.

सही कुणाची

माहिती संरक्षणाच्या नव्या कायद्यात बालकांसाठी पालकांची, आणि ‘कायदेशीर पालक असलेल्या’ दिव्यांग व्यक्तीसाठी त्या पालकाची, पडताळलेली संमती लागणार आहे. याचा अर्थ लोक हमखास उलटा लावतात. ज्याला कायदेशीर पालक नेमलेला नाही असा पायाने अधू, अंध, कर्णबधिर प्रौढ माणूस स्वतःच संमती देतो. त्याच्या भावाची सही मागणं हाच भेदभाव.

दुसरी बाजूही आहे. बौद्धिक दिव्यांग मुलगा १८ चा झाला की आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो; अध्यक्ष जिल्हाधिकारी. अठरावं लागायच्या वर्षीच कागद जमवायला घ्या. बँकेने खातं अडवल्यावर धावपळ केली की सहा महिने पेन्शन अडकून पडते.

हॉटेल, कारखाना, पतसंस्था चालवणाऱ्यांसाठी

२० किंवा जास्त माणसं कामावर असतील तर समान संधी धोरण लिहून ते दर्शनी भागात किंवा वेबसाइटवर लावायचं, दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं आणि संपर्क अधिकारी नेमायचा. दिवाळी ते मे हंगामात माणसं वाढतात, तेव्हा हा आकडा तपासा. न केल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख.

नोकरीच्या फॉर्मातला ‘काही आजार/व्यंग आहे का?’ हा रकाना काढा. त्याजागी: ‘हे काम करताना काही सोय लागेल का?’ आलेले वैद्यकीय कागद हजेरीच्या फाइलीत ठेवू नका. वेगळ्या पाकिटात, कुलपात, एका माणसाकडे. मुकादमाला ‘याला वजन उचलायला लावायचं नाही’ एवढं कळलं की पुरे. नोकरीच्या कामापुरती माहिती मालकाला नव्या कायद्यातही संमतीशिवाय वापरता येईल, त्या कामाबाहेर नाही. पाहुण्यांचं आधार रिसेप्शनवरच्या पोराच्या खासगी मोबाइलमध्ये घेणं आजच बंद करा. फुटलं तर जबाबदार तुम्ही. सुरक्षेत हयगय झाल्यास नव्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. होम-स्टेला तेवढा होणार नाही, पण माहिती संरक्षण मंडळाकडे खुलासा द्यावा लागणं हेच पुष्कळ झालं.

रॅम्पबद्दल थोडं जास्त, कारण पैसे इथेच वाया जातात. उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नको. कोकणात जोतं उंच. ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून दोन मीटरांत घसरगुंडी बांधतात. तिच्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. जागा कमी असेल तर मधे दीड मीटरची सपाट जागा ठेवून वळवा. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, दाराची मोकळी रुंदी ९००, दोन्ही बाजूंना कठडा. चिऱ्याचा उघडा रॅम्प जुलैपर्यंत शेवाळून हिरवागार होतो आणि धडधाकट माणूसही घसरतो. वर काँक्रीटचा थर द्या, ओला असताना खराट्याने उताराला आडव्या रेघा ओढा, आणि चकचकीत लादी चुकूनही बसवू नका. पागोळीचं पाणी रॅम्पवर पडत असेल तर आधी पन्हळ.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

सरकारी कार्यालयात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असतो. नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. मग आयुक्त, आणि इथे पत्ता चुकतो. राज्याची कार्यालयं, जिल्हा परिषद, एसटी, सहकारी संस्था, खासगी आस्थापना: दिव्यांग आयुक्त, पुणे. राष्ट्रीयीकृत बँक, टपाल, रेल्वे, विमा महामंडळ: मुख्य आयुक्त, दिल्ली. उलट पाठवलं की कागद महिनोन्महिने फिरतो. भेदभावाची तक्रार ६० दिवसांत निकालात काढायची असते. प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून दर महिन्याला एक स्मरणपत्र. आयुक्तांचा आदेश शिफारशीच्या रूपात असतो. त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवणं कार्यालयावर बंधनकारक असतं, आणि शिफारस मानली नाही तर कारण द्यावं लागतं.

‘मला न्याय मिळावा’ अशी मागणी लिहू नका. ‘दार क्र. २ ला १ ला १२ उताराचा रॅम्प, ३१ मार्चपर्यंत’ असं लिहा. लोकांसमोर मुद्दाम अपमान किंवा धमकी झाली असेल तर ते वेगळं: कलम ९२, सहा महिने ते पाच वर्षं कैद, तक्रार पोलिसांत, खटला सत्र न्यायालयात.

माहिती फुटल्याची तक्रार खासगी संस्थेविरुद्ध असेल तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे. सध्याच्या नियमांत मुदत एक महिना, नव्यात जास्तीत जास्त ९० दिवस. तीन प्रश्न विचारा: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, कुणाला दिली, कधी खोडणार. भरपाई हवी असेल तर ४३ए खाली मंत्रालयातल्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर दावा, तो जुनं कलम चालू आहे तोवरच. मे २०२७ नंतर आधी संस्था, मग माहिती संरक्षण मंडळ, हाच क्रम. पहिली पायरी वगळून थेट मंडळाकडे जाता येणार नाही.

वकिलाचा खर्च हे कारण राहत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो: तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती, किंवा १५१०० वर फोन. जाताना पोचपावत्या तारखेच्या क्रमाने लावा, वर एका पानावर काय कधी झालं ते दहा ओळींत लिहा, आणि तक्रारीला जोडायच्या प्रतींवर आधारचे पहिले आठ आकडे आधी झाका. तक्रारीची नक्कल विरुद्ध बाजूलाही जाते.